तवसाळ ते आंबोळगड, सड्यावरून: कोकणातल्या ग्रॅव्हल रूटचा रिव्ह्यू (भाड्याच्या सायकलसकट)

ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांवर चालणारी रुंद टायरची सायकल, घेतली तर महाराष्ट्रात ती चालवायची कुठे, हा प्रश्न सायकलवाल्यांच्या ग्रुपवर दर महिन्याला येतो आणि उत्तरं सगळी स्पिती नाहीतर लडाखची येतात, म्हणून हा रिव्ह्यू सविस्तर टाकतेय. माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगते, की ग्रॅव्हल सायकलसाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांसारखी, म्हणजे किनाऱ्यावरच्या उघड्या कातळ-पठारांसारखी, जागा मला तरी दुसरी माहीत नाही, फक्त त्यासाठी सागरी महामार्ग सोडून वर चढायची तयारी पाहिजे. बहुतेक लोक रेवस ते रेडी सगळा किनारा खालून करतात, बीचचे फोटो काढतात आणि घरी जातात. खालचा रस्ता सुंदर आहे, वाद नाही, पण तो डांबरी आहे आणि त्याला रोडबाईक पुरते.

मी आणि माझी मैत्रीण असं दोघींनी डिसेंबरात केलं. सुरुवात गुहागर बाजूने, तवसाळहून फेरीने जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, नाटे आणि शेवट आंबोळगड. यातलं मधलं जेवढं शक्य तेवढं सड्यावरून आणि आंब्याच्या बागांमधल्या मातीच्या रस्त्यांनी.

सडा म्हणजे काय हे घाटावरच्या लोकांना पटकन कळत नाही म्हणून सांगते. किनाऱ्याला खाडी आणि गाव खाली असतं, नारळी-पोफळीची आगरं, देऊळ, वाडी सगळं खाली, आणि चढ चढून वर गेलं की एकदम सपाट, झाड नसलेलं, काळपट तांबडं कातळाचं पठार लागतं, तो सडा. हा सगळा जांभा. मूळचा खडक पावसाने लाखो वर्षं धुपत धुपत त्यातली सिलिका निघून गेली आणि लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्यामुळे तो रंग. खाणीतून चिरा काढतात तेव्हा तो मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. सायकलच्या दृष्टीने याचा अर्थ असा की वरचं कवच दगडासारखं टणक पण खड्ड्याखड्ड्यांचं, आणि जिथे कवच फुटलंय तिथे गोल गोल तांबडा मुरूम सुटा पडलेला. टणक कातळावर टायरची पकड जबरदस्त बसते, ब्रेक मारला की सायकल जागच्या जागी, आणि पुढच्याच वळणावर मुरूम आला की पुढचं चाक सरकायला लागतं. ही अदलाबदल सारखी चालू असते, त्यामुळे डोकं जागं ठेवावं लागतं, मला तर याचाच सगळ्यात जास्त आनंद झाला.

टायरबद्दल सगळे विचारतात. ४० एमएमने चालतं, ४५ असेल तर बरं. माझं वजन साधारण ६० किलो, मी पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआय हवा ठेवली होती, टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नाही, भोक बुजवणारं पातळ सीलंट भरलेलं. ट्यूब घालून जाऊ नका, एक तर जांभ्याच्या कडा धारदार असतात आणि कमी हवेत ट्यूब दगड आणि रिममध्ये चिमटून पंक्चर होते (पिंच फ्लॅट), आणि दुसरं म्हणजे करवंदीच्या जाळ्या रस्त्याच्या कडेपर्यंत आलेल्या असतात, त्यांचे काटे. सीलंट ताजं भरून घ्या, भोकात खुपसायचे प्लग आणि आतून लावायला जाड रबराचा तुकडा जवळ ठेवा कारण साईडवॉल, म्हणजे टायरची बाजू, कापली गेली तर सीलंटच्या आवाक्यातलं नाही, आणि वर सड्यावर पंक्चरवाला मिळणार नाही. गिअरिंग हा खरा मुद्दा आहे. खाडीच्या पातळीवरून सड्यावर चढायचं म्हणजे चढ लांब नसतो पण उभा असतो, आणि तो दिवसातून अनेकदा येतो, कारण प्रत्येक खाडीला खाली उतरायचं आणि परत वर. पुढे पेडलपाशी ४० दातांची चेनरिंग आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र ४२ दातांचं असेल तर निभतं, सामान लादलेलं असेल तर पुढे ३६ किंवा ३८ पाहिजे. मैत्रिणीची जुनी एमटीबी (डोंगरी सायकल) होती, तिला चढाला माझ्यापेक्षा सोपं गेलं हे कबूल, पण डांबरी पट्ट्यात ती मागे पडायची.

आता भाड्याच्या सायकलबद्दल. मी सायकल पुण्यातल्या एका दुकानातून भाड्याने घेतली, नाव टाकत नाही. फ्रेम उत्तम, साईज बरोबर दिली, टायर नवे होते, हे सगळं चांगलं. पण मागचे ब्रेक पॅड संपत आलेले होते आणि ते दुकानातून घेताना सांगितलं गेलं नाही. पूर्णगडाच्या बाजूला खाली उतरताना मागून धातूवर धातू घासल्याचा आवाज यायला लागला, तिथून रत्नागिरीला परत जाऊन पॅड मिळवण्यात अर्धा दिवस गेला. फोन केल्यावर दुकानदाराने पॅडचे पैसे परत केले, भाषा व्यवस्थित होती, त्यामुळे फार कडू बोलत नाही, पण ज्या माणसाला माहितीये की सायकल कोकणात जातेय त्याने ब्रेक बघूनच द्यायला पाहिजे. तुम्ही घेताना चाक काढून पॅडची जाडी स्वतः बघा आणि एक जोडी जास्तीची मागून घ्या. सायकलला ५ पैकी ३.

फेरीला पूर्ण ५. सुवर्णदुर्ग शिपिंगची तवसाळ-जयगड फेरी, याच लोकांनी २००३ मध्ये दाभोळ-धोपावे सुरू केली आणि मग किनाऱ्यावर बाकीच्या. सायकल ढकलत आत न्यायची, कडेला टेकवायची, तिकीट अगदी किरकोळ. शास्त्री नदीचं मुख इथे चांगलं रुंद आहे, आणि पलीकडे जयगडचा कोट हळूहळू जवळ येतो. हीच खाडी रस्त्याने ओलांडायची तर आत बराच मोठा वळसा पडतो. इथे आता मोठा पूल व्हायचाय, रेवस-रेडी मार्गाच्या कामात मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचे आहेत, गावातल्या लोकांना त्याची गरज आहे, रात्री-बेरात्री दवाखान्यात जायचं असेल तर फेरीवर अवलंबून राहता येत नाही. तरीही मला फेरी आवडते, आणि ती चालू आहे तोवर जाऊन या असं मनापासून सांगेन.

जयगडला किल्ला बघा, खंदक आणि बुरूज अजून दणदणीत आहेत, पण उतरल्यावर बंदराकडून निवळीला जाणारा रस्ता टाळा, त्यावर मोठे ट्रक असतात. किनाऱ्याकडच्या रस्त्याने मालगुंडकडे या. मालगुंड केशवसुतांचं जन्मगाव, १८६६ सालचा जन्म, घर आणि स्मारक नीट ठेवलंय, सायकल अंगणात लावून तासभर बसलो. गणपतीपुळ्याला सुट्टीच्या दिवशी गर्दी खूप, दर्शन घेऊन निघालो. आरे-वारेचा चढ डांबरीच आहे आणि वरून दोन्ही पुळणी दिसतात, सगळ्यांनी फोटो बघितलेत, मी वेगळं काय लिहू.

रत्नागिरीत एक मुक्काम ठेवा, सायकलची कामं तिथेच होतील, पुढे दुकान नाही. वेळ असेल तर थिबा पॅलेस बघा. ब्रह्मदेशचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८५ मध्ये राज्य घेतलं आणि त्याला इथे आणून ठेवलं, हा वाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ ला राजा इथेच वारला. गच्चीच्या बाजूने खाली भाट्याची खाडी दिसते, राजाला रोज तेवढंच दिसत असणार.

भाट्याच्या पुलावरून पुढे गेलं की रूटचा खरा भाग सुरू होतो. पावस साधारण २० किमी, स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात दुपारी प्रसाद मिळतो, सायकलवाल्यांना कोणी हटकत नाही. पावस ते पूर्णगड मधे गणेशगुळ्याच्या बाजूने वर सड्यावर चढलो. वाडीत पाणी मागायला एका घरी थांबलो तर तिथल्या काकूंनी आधी विचारलं, "सड्यावरनं जाताय? मग दोन्ही बाटल्या भरून घ्या, वर थेंब मिळायचा नाही." आणि आत जाऊन आगळ घेऊन आल्या. हे मला आधी माहीत नव्हतं आणि आता मी सगळ्यांना सांगत सुटलेय. कोकम आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घालूनच काढलेला रस, साखर नाही. बाटलीत दोन झाकणं टाकली की आंबट-खारट पाणी तयार. बाजारातल्या इलेक्ट्रोलाइटच्या गोळ्या माझ्या बॅगेत तशाच राहिल्या.

वर गेल्यावर अकराच्या आत उरकायचं. डिसेंबरातसुद्धा कातळ तापतो आणि उष्णता खालून येते, सावलीला एक झाड नाही. पहाटे निघा, दुपारी खाली आगरात थांबा, चार वाजता परत वर.

पूर्णगड छोटा किल्ला आहे, मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे टेकाडावर. डागडुजी चांगली झालीये. समुद्राकडच्या दरवाज्यातून वारा सरळ आत येतो. पुलावरून गावखडीला उतरलो, सुरूचं बन आणि लांब पुळण. इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, गावातलेच लोक घरटी सांभाळतात, त्यामुळे थंडी-उन्हाळ्यात वाळूवर सायकल घालू नका, रुंद टायर आहे म्हणून मोह होतो, पण नको.

आता कशेळी. कनकादित्याचं देऊळ, सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच, आणि हे चालतं-बोलतं आहे. आवार जांभ्या चिऱ्याचं, दुपारी पण पायाला गार लागतं. पण मी इथे आले ती कातळशिल्पासाठी, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेल्या प्राचीन चित्रासाठी. कशेळीच्या सड्यावर एक हत्ती कोरलाय, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या अंगात बाकीचे कितीतरी प्राणी. आम्ही पहिल्यांदा पोचलो तेव्हा टळटळीत ऊन होतं आणि खरं सांगायचं तर समोर उभं राहून काही कळत नव्हतं, नुसता काळा कातळ आणि त्यात चरे. गावातला एक मुलगा गुरं घेऊन आलेला, तो म्हणाला "ताई, पाच वाजता या." खाली जाऊन देवघळीचा किनारा बघितला, चहा घेतला आणि परत वर आलो. ऊन तिरपं झालं होतं. चर काही फार खोल नाहीत, पण तिरप्या उन्हात प्रत्येक चराच्या एका कडेला सावली पडते, आणि ती सावली पडायला लागल्यावर आधी पाठीचा बाक दिसला, मग सोंड, मग पोटातले मासे आणि जनावरं एकेक करून वर यायला लागली. मैत्रीण कडेकडेने चालत मोठ्याने मोजत होती आणि दर वेळी तिला नवीन काहीतरी सापडत होतं. त्यामुळे या रूटचं वेळापत्रक कशेळीवरून ठरवा, बाकी सगळं त्याच्या मागे-पुढे बसवा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, दुपारी अजिबात नाही.

ही शिल्पं कोणी काढली, नक्की किती जुनी, यावर अभ्यास चालू आहे, मध्याश्मयुगापर्यंत मागे नेणारे अभ्यासक आहेत. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या लोकांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून ती शोधली आणि नोंदवली. गावात ती माहीत होतीच, कुठे पांडवांचं चित्र म्हणायचे, कुठे नुसतं "चित्राचा सडा". २०२२ मध्ये नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या, उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे या रत्नागिरीतल्या सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ. काही ठिकाणी गेंडा कोरलेला आहे, आज कोकणात गेंडा कुठे? म्हणजे ज्याने तो कोरला त्याने तो बघितला होता का, मग तेव्हा इथे जंगल कसं होतं, पाणी कसं होतं, हे विचार सायकल चालवताना डोक्यात घोळत राहतात आणि चढ कधी संपला कळत नाही.

इथे एक कळकळीची विनंती. शिल्पावरून सायकल नेऊ नका. काही ठिकाणी भोवती चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, घातलाय, पण सगळीकडे नाही, आणि सड्यावर वाट अशी नसतेच, जिथून जाल ती वाट. जीपीएसवर कोणाचा तरी ट्रॅक असतो आणि तो बरोबर शिल्पावरून गेलेला असू शकतो. शंका आली तर उतरा आणि ढकला. पावसाळ्यात ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर सीतेची आसवं आणि बाकी रानफुलांचा गालिचा असतो, तेव्हा तर मळलेली वाट सोडायचीच नाही, ती फुलं कातळावरच्या बोटभर मातीत उगवलेली असतात, टायरचा चर पडला की ती माती पुढच्या पावसात वाहून जाते. आणि सडा मोकळा दिसतो म्हणून कोणाचा नाही असं नसतं. प्रत्येक तुकड्याला मालक आहे, गवत कापणारे आहेत, गुरं आहेत, बागेला फाटक आहे. आम्ही प्रत्येक फाटकाशी हाक मारली, राखणीच्या माणसाला विचारलं, एकानेही नाही म्हटलं नाही, उलट पुढचा रस्ता सांगितला. मार्चनंतर आंब्याचा सीझन सुरू झाला की बागेतून जायचा आग्रह धरू नका, तेव्हा त्यांची कामाची घाई असते आणि अरुंद रस्त्यावर पेट्या भरलेल्या पिकअप पळत असतात.

आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन घेतलं, मुक्काम तिथेच जवळ एका घरगुती ठिकाणी. कोकणात या पट्ट्यात हॉटेलं कमी आणि घरगुती सोय जास्त, आदल्या दिवशी फोन करावा लागतो कारण माणसं बघून स्वयंपाक करतात. रात्री कुळथाचं पिठलं, भात, भाजलेला पापड आणि सोलकढी, सकाळी घावणे आणि ओल्या नारळाची चटणी. मासे खाणाऱ्यांनी नाट्याला थांबा, बंदराचं गाव आहे, ताजा बांगडा मिळाला. जेवणाला ५ पैकी ५, आणि सायकली रात्री आत पडवीत घ्यायला सांगितल्या त्याचे वेगळे गुण. समुद्राजवळ सायकल रात्रभर बाहेर ठेवली की चेनवर सकाळी गंज दिसतो. इथे तेल पण विचार करून लावा, ओलं तेल लावलं तर तांबडी धूळ चिकटून चेन करकर वाजायला लागते, मेणाचं लावलं तर टिकतं.

आडिवरे ते बारसू आणि देवाचे गोठणे असा आतला फाटा ज्यांना जमेल त्यांनी करा, रूटमधला सगळ्यात चांगला ग्रॅव्हल मला तिथे मिळाला, मोकळा, लांब आणि गाडी जवळपास नाहीच. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस कोरलाय. हा तोच सडा जिथे रिफायनरी आणायचं ठरत होतं आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये गावकरी उन्हात कातळावर येऊन बसले होते. त्या कातळावर उभं राहिल्यावर माझं मत पक्कं झालं की ही जागा आहे तशी राहिली पाहिजे, पण तिथे राहणाऱ्यांमध्येही दोन बाजू आहेत आणि रोजगाराचा प्रश्न खरा आहे, त्यामुळे पाहुणी म्हणून मी गप्प ऐकून घेतलं. देवाच्या गोठण्याला कातळातल्या माणसाच्या आकृतीजवळ होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं, खडकातल्या चुंबकत्वामुळे. मोबाईलचा कंपास ठेवून बघितला, काटा खरंच फिरतो. तिथे दिशेसाठी कंपासवर जाऊ नका, जीपीएस ट्रॅक ठीक चालतो.

शेवट नाटे, यशवंतगड आणि आंबोळगड. गोडिवण्याच्या बाजूचा वरचा रस्ता सुटा मुरूम आहे, उतारावर हळू.

वजा बाजू सांगायच्या तर दोन. एक म्हणजे मोबाईल रेंज सड्यावर ठीक पण खाली वाड्यांमध्ये जाते, नकाशा ऑफलाईन उतरवून घ्या. दुसरं, मातीचे रस्ते भराभर डांबरी आणि काँक्रीटचे होतायत, गेल्या वर्षीचा ट्रॅक यंदा जुळेलच असं नाही. गावाला रस्ता पाहिजेच, तक्रार नाही, पण निघायच्या आधी सॅटेलाईट फोटो आणि स्थानिकांकडून खात्री करा. काही ट्रॅकवर पाखाडी रस्ता म्हणून दाखवतात, ती चिऱ्यांच्या पायऱ्यांची उतरण असते, सायकल खांद्यावर घ्यावी लागते, पण पाखाडीवरून खाली वाडीत उतरणं हा सुद्धा अनुभव आहे. एकूण रूटला ५ पैकी साडेचार, अर्धा फक्त ट्रकवाल्या तुकड्यासाठी कापला.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. निवांत चार दिवस ठेवा, कमी दिवसांत केलं तर सड्यावर संध्याकाळ मिळत नाही. येण्याजाण्याला कोकण रेल्वे सोयीची, पण गाडीत चढणं-उतरणं रत्नागिरीलाच करा, राजापूर रोडला गाडी जेमतेम थांबते आणि स्टेशन गावापासून लांब आहे, तेवढ्यात सायकल ब्रेकव्हॅनमध्ये चढवणं होत नाही. रत्नागिरीला पार्सल ऑफिसात गाडीच्या बऱ्याच आधी पोचा, पेट्रोलची गाडी नसल्यामुळे कागद कमी लागतात, ओळखपत्राची झेरॉक्स आणि तिकीट जवळ ठेवा, डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) आणि ब्रेकच्या डिस्कभोवती पुठ्ठा बांधा आणि पेडल काढून बॅगेत टाका.